लॅम्बो की लोम्बार्डी? एका संघाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ कसा ठरवतात

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. तिथल्या फुटबॉल मैदानाचे नाव ‘लॅम्बो फील्ड’ आणि टपालाचा पत्ता ‘१२६५, लोम्बार्डी अव्हेन्यू’. दोन्ही नावे ग्रीन बे पॅकर्स या एकाच संघाच्या दोन प्रशिक्षकांची आहेत. एकाचे नाव मैदानाला आणि दुसऱ्याचे रस्त्याला देऊन शहराने दोघांनाही एका पत्त्यात बसवले खरे. पण त्यांच्यात थोर कोण, हा वाद तिथे तीन पिढ्या चालू आहे, आणि खेळाडूंचा विषय निघाला की तो आणखीच लांबतो. या वादात मते पुष्कळ मांडली जातात, मापे मात्र क्वचितच सांगितली जातात. म्हणून कोणती मापे लावता येतात आणि त्यांतले कोणते कुठे दगा देते, हे या एका संघाच्या उदाहरणावरून पाहू.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो. अकरा जणांच्या आक्रमक फळीला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जावे लागते. तितके जमले तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. खांबांमधून लाथेने मारला तर तीन. चेंडू हाती घेऊन तो कोणाला द्यायचा किंवा कुठे फेकायचा हे पाहणारा क्वार्टरबॅक हा सूत्रधार असतो. प्रत्येक चाल थांबते आणि पुन्हा मांडून सुरू होते, त्यामुळे प्रशिक्षकाच्या आखणीला इथे असलेले महत्त्व दुसऱ्या खेळांत सहसा दिसत नाही.

अर्ल ‘कर्ली’ लॅम्बो याने १९१९ मध्ये जॉर्ज कॅल्हून या पत्रकाराच्या साथीने हा संघ काढला. लॅम्बो नोकरी करत असलेल्या, मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने गणवेशासाठी पैसे दिले, आणि त्यावरूनच ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२१ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे आजच्या एनएफएलमध्ये, दाखल झाला. १९२३ पासून त्याचे भाग सामान्य लोकांना विकले गेले. आज पाच लाखांहून अधिक भागधारक या संघाचे मालक आहेत आणि त्यांतल्या कोणालाही लाभांश मिळत नाही. जेमतेम लाखभर वस्तीच्या शहराचा संघ न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांना पुरून उरला, याचे एक मोठे कारण ही मालकी आहे. संघ कोणा एका धनिकाच्या ताब्यात नसल्यामुळे त्याच्या इतिहासावर बोलण्याचा हक्क तिथल्या प्रत्येकाला आपलाच वाटतो, हेही त्यातूनच आले.

आता पहिले माप, म्हणजे विजेतेपदांची मोजणी. संघाची एकूण १३ विजेतेपदे आहेत. त्यांतली सहा लॅम्बोची (१९२९, १९३०, १९३१, १९३६, १९३९, १९४४), पाच विन्स लोम्बार्डीची (१९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७), आणि माइक होल्मग्रेन व माइक मॅकार्थी यांचे प्रत्येकी एक, अनुक्रमे १९९६ आणि २०१० च्या मोसमांतले. सहा पाचांपेक्षा जास्त, तेव्हा लॅम्बो जिंकला असे म्हणून उठता आले असते. पण ती सहा कशी मिळाली हे उघडून पाहिले की मोजणीचा पाया हलतो.

१९३० चे उदाहरण घेऊ. त्या काळी अंतिम सामना नसे. मोसमाच्या शेवटी गुणतक्त्यात जो वर, तो विजेता. पॅकर्सनी १४ सामन्यांत १० जिंकले, ३ हरले आणि १ बरोबरीत सोडवला. न्यूयॉर्क जायंट्सनी १७ पैकी १३ जिंकले आणि ४ हरले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बरोबरीचा सामना हिशेबातच धरत नसत, म्हणून पॅकर्सचे प्रमाण १३ पैकी १०, म्हणजे ०.७६९ आले आणि जायंट्सचे ०.७६५. चार हजारांशाच्या फरकाने विजेतेपद ग्रीन बेला गेले. आजच्या नियमाप्रमाणे बरोबरी हा अर्धा विजय धरला जातो. तो नियम लावला तर पॅकर्सचे प्रमाण १४ पैकी साडेदहा, म्हणजे ०.७५० होते आणि जायंट्स विजेते ठरतात.

इथे लॅम्बोच्या टीकाकारांनी टाळ्या वाजवण्याआधी दोन वर्षे पुढे जावे. १९३२ मध्ये पॅकर्सचा हिशेब योगायोगाने पुन्हा तोच होता, १० विजय, ३ पराभव, १ बरोबरी. शिकागो बेअर्सचे ७ विजय, १ पराभव आणि चक्क ६ बरोबरी. बरोबरी गाळल्यामुळे बेअर्सचे प्रमाण ०.८७५ झाले आणि तीन सामने जास्त जिंकूनही पॅकर्स मागे राहिले. आजचा नियम लावला तर पॅकर्स ०.७५० आणि बेअर्स ०.७१४. म्हणजे ज्या नियमाने १९३० चे विजेतेपद दिले त्यानेच १९३२ चे काढून घेतले, आणि लॅम्बोची सहा सहाच राहतात. हा हिशेब मी कागदावर दोनदा करून पाहिला, कारण इतका नेमका तोल इतिहासात सहसा सापडत नाही.

तरीही विजेतेपद आणि विजेतेपद सारखे नसते. १९३० मध्ये लीगमध्ये ११ संघ होते, १९६२ मध्ये १४, आणि २०१० मध्ये ३२. अकरांत पहिले येणे आणि बत्तिसांत पहिले येणे यांना एकच गुण देणे हा उघड अन्याय आहे. शिवाय लॅम्बोच्या पहिल्या तीन विजेतेपदांच्या वेळी ‘ड्राफ्ट’ नव्हता. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघांनी पाळीपाळीने निवडायचे आणि आदल्या मोसमात तळाला असलेल्या संघाने आधी निवडायचे, ही पद्धत १९३६ मध्ये सुरू झाली. त्याआधी ज्याचा शब्द गोड आणि खिसा बरा, त्याने खेळाडू न्यावा असा मामला होता, आणि लॅम्बो त्यात वाकबगार होता. पुढे ही मोकळीक गेली आणि पैसा आटला, तेव्हा त्याचा संघही घसरला. १९४८ मध्ये ३ विजय आणि ९ पराभव, १९४९ मध्ये २ आणि १०, आणि मग व्यवस्थापनाशी बिनसून तो निघून गेला.

लोम्बार्डीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात या वादासाठी फार उपयोगी असा एक प्रयोग दडलेला आहे. १९५८ मध्ये रे ‘स्कूटर’ मॅक्लीन याच्या प्रशिक्षणाखाली पॅकर्सनी १२ सामन्यांत एक जिंकला, दहा हरले आणि एक बरोबरीत सोडवला. पण त्या संघातले खेळाडू पाहा: बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, फॉरेस्ट ग्रेग, जिम रिंगो, रे निचकी आणि जेरी क्रेमर. हे सातही जण पुढे कॅन्टन येथील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या दालनात गेले. त्यांना हेरून आणण्याचे श्रेय जॅक व्हायनिसी या खेळाडू-शोधकाला आहे, ज्याचे १९६० मध्ये अगदी तरुण वयात निधन झाले आणि ज्याच्या नावाने कुठला रस्ता प्रसिद्ध नाही. १९५९ मध्ये लोम्बार्डी आला. जवळपास त्याच मुलांना घेऊन त्याने पहिल्याच वर्षी ७ सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना गाठला, तिसऱ्या वर्षी विजेतेपद घेतले. खेळाडू तेच आणि फक्त प्रशिक्षक बदललेला, अशी इतकी स्वच्छ तुलना खेळाच्या इतिहासात क्वचितच हाती लागते.

त्याने नेमके काय बदलले हे त्याच्या आवडत्या ‘स्वीप’ या एका चालीवरून कळते. आक्रमक फळीतले गार्ड हे एरवी समोरच्याला सरळ पुढे रेटणारे गडी. लोम्बार्डीच्या चालीत चेंडू सुटताच दोन्ही गार्ड, म्हणजे क्रेमर आणि फझी थर्स्टन, एक पाऊल मागे येऊन आडवे धावत सुटत आणि कडेला पोहोचून वळत. त्यांच्या आडोशाने चेंडू घेतलेला हॉर्नंग येई. समोरचा बचावपटू ज्या बाजूला रेटला जाईल त्याच्या उलट बाजूची फट धावणाऱ्याने स्वतः हेरायची असे. ही चाल गुपित नव्हती. ती येणार हे प्रतिस्पर्ध्यांना माहीत असे. लोम्बार्डी तीच चाल सरावात इतक्या वेळा घोटून घेई की समोरच्याला ठाऊक असूनही ती अडवता येत नसे. आधीची वर्षे या जागेवरून त्या जागेवर फिरवल्या गेलेल्या हॉर्नंगने १९६० च्या मोसमात १२ सामन्यांत १७६ गुण केले, आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला.

लोम्बार्डीच्या बाजूने आणखी एक गोष्ट मी मोजतो. ज्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलांत आणि घरभाड्यांत उघड दुजाभाव सोसावा लागे, त्या काळात त्याने संघात तो चालू दिला नाही, आणि विली डेव्हिस, विली वुड, हर्ब ॲडर्ली अशा खेळाडूंच्या बळावर त्याचा बचाव उभा राहिला. विली वुडला तर ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते.

त्याच्या विरोधात एकच मुद्दा वजनदार आहे. लोम्बार्डी ग्रीन बेमध्ये नऊच मोसम प्रशिक्षक होता, लॅम्बो जवळजवळ तीस वर्षे. पण त्या नऊ मोसमांत एकही तोट्याचा गेला नाही, आणि बाद फेरीच्या दहा सामन्यांपैकी तो एकच हरला, तोही पहिलाच, १९६० चा. म्हणून प्रशिक्षक म्हणून माझे मत लोम्बार्डीला आहे. लॅम्बो हा संस्थापक, सुरुवातीचा खेळाडू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक असे सगळे एकाच वेळी होता. त्याची पुण्याई मोठी आहे, पण त्यातली बरीचशी संस्थापकाच्या खात्यावर जमा व्हायला हवी. दोन खाती एकत्र केली की हा वाद भरकटतो.

विजयांचे नुसते आकडे किती फसवतात याचे एक ताजे उदाहरणही देतो. मॅट लाफ्लूर याने २०१९ ते २०२१ या पहिल्या तीन मोसमांत प्रत्येकी १३, म्हणजे ३९ सामने जिंकले. लोम्बार्डीचे पहिल्या तीन मोसमांतले विजय २६ भरतात. मात्र लोम्बार्डीला तेव्हा ३८ सामने मिळाले होते आणि लाफ्लूरला ४९. शेकडेवारी काढली तरी लाफ्लूरच पुढे राहतो, पण त्या तीन मोसमांत त्याला विजेतेपद एकही मिळाले नाही.

खेळाडूंकडे वळल्यावर बहुतेक लोक थेट क्वार्टरबॅकांवर येतात, आणि पॅकर्सकडे तिघे तोलामोलाचे आहेत. बार्ट स्टार १९५६ च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर निवडला गेला होता, म्हणजे जवळजवळ उरलेल्या मालातून उचलला होता. ब्रेट फार्व्ह १९९२ मध्ये अटलांटाकडून अदलाबदलीत आला, त्याने लागोपाठ २५३ सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात उतरण्याचा पराक्रम केला आणि १९९५, १९९६ व १९९७ अशी सलग तीन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. तिसऱ्या वर्षी तो विभागून मिळाला होता. ॲरन रॉजर्सला २००५ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर निवडले, फार्व्हच्या मागे तीन मोसम बसवून ठेवले, आणि मग त्याने तोच मान २०११, २०१४, २०२० आणि २०२१ अशी चार वर्षे घेतला.

पॅकर्ससाठी फेकलेले टचडाउन पास आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले पास असे दोनच आकडे घेतले तर चित्र असे दिसते: स्टार १५२ आणि १३८, फार्व्ह ४४२ आणि २८६, रॉजर्स ४७५ आणि १०५. म्हणजे रॉजर्सचा एक पास वाया जाई तेव्हा त्याचे साडेचार टचडाउन झालेले असत. फार्व्हचे जेमतेम दीड आणि स्टारचे एकाहून किंचित जास्त. नुसता हा तक्ता पाहणाऱ्याला स्टारचे नाव या पंक्तीत का घेतात असा प्रश्न पडेल.

उत्तर नियमांत आहे. स्टारच्या काळात झेल घेण्यासाठी धावणाऱ्याला बचावपटू मैदानभर धक्के देत, अडवत नेऊ शकत असे. १९७८ मध्ये नियम बदलला आणि सुरुवातीच्या पाच यार्डांनंतर तसा धक्का देण्यास बंदी आली. त्याच वर्षी क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून समोरच्याला थोपवण्याची मुभा मिळाली. पास फेकणे त्यानंतर सोपे झाले आणि सगळ्यांचेच आकडे फुगले. शिवाय स्टार पुष्कळदा चाली स्वतः ठरवत असे; आज त्या क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातल्या रेडिओवरून सांगितल्या जातात. स्टारच्या नावावर पाच विजेतेपदे आहेत आणि बाद फेरीत नऊ विजयांविरुद्ध एकच पराभव आहे. फार्व्ह आणि रॉजर्स या दोघांना सुपर बाउल, म्हणजे आजचा अजिंक्यपदाचा अंतिम सामना, प्रत्येकी एकदाच जिंकता आला. चेंडू फेकण्याची निव्वळ कला पाहिली तर रॉजर्ससारखा तिथे कोणी झाला नाही, हे मी मान्य करतो. मात्र स्टारला त्याच तराजूत टाकून हलका ठरवणे मला पटत नाही.

मग वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करायची तरी कशी? मला पटणारी एकच पद्धत आहे. खेळाडूला दुसऱ्या काळात ढकलायचे नाही. त्याच्याच काळात, त्याच नियमांखाली खेळणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपासून तो किती पुढे होता ते मोजायचे. हे माप लावले की तिन्ही क्वार्टरबॅक मागे पडतात आणि १९३५ ते १९४५ या काळात खेळलेला डॉन हटसन समोर येतो.

हटसन हा झेल घेणारा खेळाडू होता. १९४२ च्या मोसमात त्याने ११ सामन्यांत ७४ झेल घेतले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचे झेल होते २७. हटसनने मिळवलेले यार्ड १,२११. दुसऱ्या क्रमांकाचे ५७१. हटसनचे टचडाउन १७. दुसऱ्या क्रमांकाचे ८. यार्डांत आणि टचडाउनमध्ये दुसरा आलेला शिकागोचा तो खेळाडू म्हणजे रे मॅक्लीन, ज्याचे नाव वर १९५८ च्या दुर्दैवी मोसमाचा प्रशिक्षक म्हणून येऊन गेले आहे. कारकिर्दीत हटसनने ९९ टचडाउन झेल घेतले आणि तो विक्रम मोडायला १९८९ उजाडावे लागले. त्या काळी तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही करत, त्यामुळे झेल घेऊन झाल्यावर हटसन बचावातही उभा राही, आणि लाथेने गुणही मिळवून देई.

त्याच्यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. १९४२ मध्ये महायुद्ध चालू होते आणि अनेक चांगले खेळाडू सैन्यात होते. यावर उत्तर असे की झेलांच्या संख्येत हटसन १९३६, १९३७, १९३९ आणि १९४१ मध्येही, म्हणजे युद्धाने संघ रिकामे होण्याआधीच, लीगमध्ये पहिला होता. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले गेले नाही, आणि हटसनची सगळी कारकीर्द त्याच वर्षांत बसते. त्याच्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मधले अंतर मोजताना ज्यांना मैदानातच येऊ दिले नाही ते कुठल्या क्रमांकावर आले असते, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. हा दोष हटसनचा नाही, पण त्याच्या आकड्यांत तो मुरलेला आहे. एवढे ध्यानात ठेवूनही माझे मत हटसनलाच जाते, कारण झेलांतले अंतर जवळजवळ तिप्पट आहे आणि निम्मे वजा केले तरी बरेच उरते.

खेळाडूची थोरवी आणि प्रशिक्षकाची थोरवी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही पॅकर्सनी स्वखर्चाने शिकून घेतले. बार्ट स्टार १९७५ ते १९८३ या नऊ मोसमांत संघाचा प्रशिक्षक होता, आणि त्यांत संघ बाद फेरीत एकदाच, १९८२ च्या संपामुळे तुटक झालेल्या मोसमात पोहोचला. त्याच्यानंतर फॉरेस्ट ग्रेग आला; चार मोसमांत एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत.

राहता राहिले ते खेळाडू ज्यांचा आकडाच नसतो. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लॅम्बो फील्डवर डॅलस काउबॉइजविरुद्धचा अजिंक्यपदाचा सामना उणे पंचवीस अंश सेल्सियस तापमानात झाला. मैदानाखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा बंद पडली होती, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या होत्या आणि जमीन काचेसारखी घसरडी झाली होती. पॅकर्स १४-१७ ने मागे होते, सोळा सेकंद उरली होती, खेळ थांबवून घेण्याची मुभा संपली होती, आणि रेषा दोन-एक फुटांवर होती. लाथेने तीन गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. स्टारने बाजूला जाऊन लोम्बार्डीला सांगितले की घसरणाऱ्या पायांनी दुसऱ्या कोणाला चेंडू देण्यापेक्षा मीच घेऊन घुसतो, आणि लोम्बार्डीने होकार दिला. चाल सुरू झाली. उजवा गार्ड जेरी क्रेमर आणि चाल सुरू करताना चेंडू मागे देणारा सेंटर केन बोमन यांनी जेथ्रो प्यू या बचावपटूला मिळून मागे रेटले, आणि त्या फटीतून स्टार रेषेपार पडला. सामना २१-१७ असा जिंकला गेला. त्या दोन फुटांचे श्रेय हिशेबवहीत स्टारच्या नावावर, निर्णयाचे श्रेय लोम्बार्डीच्या नावावर आहे. गार्डने दिलेला धक्का कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही. क्रेमरला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला २०१८ साल उजाडले, तेव्हा तो ऐंशी ओलांडून गेला होता. प्यूच्या दुसऱ्या खांद्याला खांदा लावलेल्या बोमनचा तिथे अजूनही समावेश नाही.